दारातली दोन कपाळं

लोक माझ्याकडे बघतात ते आधी कपाळाकडे. मग गळ्याकडे, मग हातांकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. सांगलीच्या बाजारात एका कासारणीने माझा हात हातात घेतला, कपाळ पाहिलं आणि फार हळव्या आवाजात ‘असू दे बाई’ म्हणाली. तेवढ्यात मागून नवरा आला आणि ‘अजून किती वेळ?’ म्हणून खेकसला. कासारणीचं तोंड उघडंच राहिलं. घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. रात्रीच्या भाकरी थापताना मात्र मला रडू आलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मी साताऱ्याची, ख्रिस्ती घरात जन्मलेली. माझ्या आईच्या गळ्यात काळे मणी होते, कपाळावर बारीकशी टिकली होती, आणि त्याच टिकलीनिशी ती रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची. कुणाला त्यात काही वाटत नसे. नवरा मात्र कवठे महांकाळकडचा, हिंदू घरातला. कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करता करता सोबत्याबरोबर प्रार्थनेला जायला लागला आणि विश्वासात आला. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याने घरचे देव सोडले, गावची जत्रा सोडली, चुलत्यांचं बोलणंचालणं तुटलं तेही सोसलं. इतकं सोडलेल्या माणसाशी लग्न करताना मीही त्याच्या प्रार्थनासभेपुढे उभी राहून शब्द दिला, की कुंकू लावणार नाही.

तो शब्द मी नुसता सभेसाठी दिला नव्हता. आमच्या सभेतल्या एक वडीलबाई आजही हात मिळवताना माझ्या भुवयांच्या मधोमध बघतात, टिकलीचा डाग राहिलाय का म्हणून, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. पण माझ्या नवऱ्याचं आयुष्य देवाच्या हातात आहे, डबीतल्या लाल पुडीत नाही, हे मी खरंच मानते. मानते एक आणि कपाळावर दाखवते दुसरं, असं मला जमत नाही. जग वाकड्या वाटेने चाललंय असं सभेचे पाळक सांगतात. माझ्या घरात वाकडं कुणीच नव्हतं, हीच पंचाईत होती.

गुडघे धरले म्हणून सासूबाई गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. आत्या म्हणते मी त्यांना. स्वभावाने गरीब. कोपऱ्यात आपले देव मांडले तेव्हा ‘चालंल न्हवं?’ असं मलाच विचारलं. मी कपाळाला काही लावत नाही यावर एकदाच बोलल्या, आणि तेही विनवणीच्या सुरात. ‘दिवसभर नगं लावूस. त्यो गाडीला किक मारतो, तेवढ्यापुरतं लाव. मग टाक धुवून.’

मी नाही म्हटलं. नवरा कामावर निघाला की मी दारात उभी राहायची आणि त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, दाराआड. गाडीचा आवाज वळणापार गेला की मगच बाहेर. रोज हेच. माझा राग आलाय, माझं तोंड बघायचं नाही, असंच मी धरून चालले. मग मलाही राग यायचा आणि मी भांडी जरा जास्तच आपटायची.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि ट्रॅक्टरमधून सांडलेल्या उसावर नवऱ्याची गाडी घसरली. पाय मोडला. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून वाचला. दवाखान्यातून घरी आणला तर गावाकडची माणसं आधीच दारात. बोलणं टाकलेली चुलतसासूही पिशवीतून करंडा घेऊनच आली होती. तिने चिमटीत कुंकू धरलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. ‘आतातरी लाव, बाई. अजून काय बघायचं ऱ्हायलंय तुला?’

मी मागे सरले. चिमूट तशीच हवेत राहिली. जमलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळी पाळक आले, सभेतली चार माणसं आली. प्रार्थना झाली. ‘भगिनी, ही तुमच्या विश्वासाची कसोटी आहे, ढळू नका,’ पाळक म्हणाले. वडीलबाईंनी जाताना माझं कपाळ पाहून घेतलं. गावाकडचे म्हणत होते माझ्यामुळे पाय मोडला, सभेतले म्हणत होते माझ्यासाठी मोडला. पाय नवऱ्याचा, आणि हिशेब सगळा माझ्या कपाळाचा. पळून साताऱ्याला जावं असं वाटलं, पण तिथे आई नाही, आणि असती तरी तिने टिकलीच पुढे केली असती.

नवऱ्याला विचारलं, ‘मी काय करू?’ तो उशीवर पाय ठेवून छताकडे बघत म्हणाला, ‘तुझं तू बघ.’ मी इतकी चिडले की त्याचा चहा त्याच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवून निघून आले.

आत्या मागल्या पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि सरळच बोलले, ‘तुम्हालाही माझ्यामुळेच झालं असं वाटतं ना? रोज तोंड फिरवून आत जाता ते दिसतं मला.’

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. ‘तुज्यासाटनं जाती व्हय मी आत? अगं, मी रांडमुंड बाई. पोरगं कामाला निगताना म्होरं कशी येऊ? त्याचा बाप गेला तवाधरनं निगताना त्याच्या म्होरं आली न्हाई मी.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘माजं कुंकू लोकांनी पुसलं, पोरी. दोगींनी हात धरलं हुतं माजं. तुज्या कपाळाला हात लावायची कुणाची टाप न्हाई, आन तू आपल्या हातानं मोकळं ठेवलंस. त्ये बगवत न्हाई मला.’

इतकी वर्षं ज्या बाईने पोटच्या पोराला कामावर जाताना पाठमोरंही पाहिलं नव्हतं, तिला मी भांडी आपटून दाखवत होते. तरी त्या क्षणीही कुंकू लावायला माझा हात उठला नसता. दया आली म्हणून विश्वास सुटत नाही, आणि विश्वास आहे म्हणून दया थांबत नाही. दोन्हींच्या मध्ये मी तशीच बसून राहिले, पाय बधिर होईपर्यंत.

प्लास्टर निघालं. कामावर जायचा पहिला दिवस आला. त्याने गाडी बाहेर काढली आणि सवयीप्रमाणे आत्या उठून आत निघाल्या. मी त्यांचा दंड धरला.

‘आत्या, आज दारात उभ्या राहा.’

‘खुळी का काय! सोड.’

‘तुमचं कपाळ मोकळं, माझंही मोकळंच. मी रोज उभी राहतेच की. राहा उभ्या.’

त्यांनी दाराची चौकट धरली. नवरा किक मारायचं विसरून आमच्याकडे बघत राहिला. ‘आये, बघ की गं,’ एवढंच म्हणाला. आत्यांनी बघितलं. तो वळणापार गेला तरी त्या तिकडेच बघत होत्या.

मग दिवस सुरू झाला. देवाची परीक्षा पाहू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि मी नेमकं तेच करून बसले होते. आता काही झालं तर माझ्यासोबत ती म्हातारीही त्या दोषात कायमची अडकणार होती. मी डाळ दोनदा निवडली. आत्या आपल्या देवांपुढे बसल्या, मी आतल्या खोलीत गुडघ्यावर. एकाच माणसासाठी एकाच घरातून दोन दिशांना मागणं चाललं होतं. बाहेर गाडी वाजली की दोघी एकदम उठायचो, आणि एकमेकींना बघून परत बसायचो. दुपारी कुणी जेवलं नाही.

दिवेलागणीला तो आला. पाय जरा ओढत होता, बाकी धड. ‘भूक लागलीय,’ म्हणाला आणि हात धुवायला गेला. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. प्रभूचे आभार मानायचे होते, पण नुसतं हायसं वाटत होतं. उद्यापासून हे सगळं थांबवावं, असंही मनात येऊन गेलं.

आत्या हळूच जवळ आल्या. एरवी डोळ्याला लावायचा पदर त्यांनी हातात गच्च धरला होता, आणि चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला होता.

‘उद्याबी हुबी ऱ्हाऊ व्हय गं?’

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होते?