पेपर होईपर्यंत भाची

मी श्रुतिकाची सासू. आणि सख्खी आत्यापण. भावाची मुलगी मी माझ्या गणूला करून आणली. आमच्या पोलादपुराकडं त्यात काय नवल नाय. पण ह्याच नात्यानं पोरीचा घात केला.

तलाठ्याच्या परीक्षेत बुद्धिमत्तेचा प्रश्न आला. फोटोतल्या बाईकडं बोट दाखवून एक पुरुष म्हणतो, 'हिच्या वडिलांची बहीण ही माझी आई.' तर ती बाई त्याची कोण? शेंबडं पोरही सांगेल, मामेबहीण. आमच्या बयेनं 'पत्नी'वर खूण केली! तेवढ्या एका प्रश्नापायी नोकरी हुकली.

"अगो, डोकं कुठं ठेवलं होतंस?" मी कडाडले.

"आत्या, तुम्ही आणि हेच डोळ्यांसमोर आले," म्हणाली नि रडायला लागली.

हसू की बदडू, कळेना. पुढची परीक्षा शेवटची, मग वय निघून जाणार. आणि घरकाम उरकून ही अभ्यास करणार कधी? मी ठणकावलं, "पेपर होईपर्यंत तू माझी सून नाय, पाहुणी आलेली भाची हायस. चुलीकडं फिरकलीस तर बघ!"

गणूला म्हटलं, तुझा डबा तू भर. कुरकुरला. कुरकुरू दे मेला. मी भाकऱ्या थापायची, ती शेजारी बसून महागाई का वाढते ते मला समजावायची. "बाजारात जा, कळंल," म्हटलं की चिडायची. सरकारी योजना मी विचारायची: कुणासाठी, पैसे कोण देतं? चुकली की माझी जीभ सुटलीच.

शेजारची चंद्राबाई गावभर सांगत सुटली, "सून खाटेवर, सासू चुलीवर!" लागलं मला, खोटं कशाला सांगू? पण माघार घेतली नाय.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघी महाडच्या बाजारात होतो. गणूचा फोन आला. ऐकता ऐकता श्रुतिका भर रस्त्यात मटकन खाली बसली. मी पिशवी टाकून तिला धरलं.

"गेली गो नोकरी?"

"आत्या, लागले! तलाठी झाले!"

मग काय विचारता! भाजीवालीपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत दिसेल त्याला सांगत सुटले. घरी आलो तर चंद्राबाई दारात, हातात साखरेची वाटी.

"सून नशीबवान हो तुझी."

"नशीब कसलं गो?" मी मूठभर साखर तोंडात टाकली. "एकाच परीक्षेत आम्ही दोघी पास झालोय!"