पाठीवरच्या बक्कलाचा सूट

मंडळी, आज कोल्हापुरात मासेमारीचा रबरी सूट घ्यायला गेलतो. बुटापासून छातीपर्यंत अखंड, नदीत उभं राहायला.

दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्यो जाड घ्या. काट्याकुट्यात फाटायचा न्हाय. फक्त पट्ट्याचं बक्कल पाठीवर हाय, जोडीदाराकडनं लावून घ्यायचं."

माझा जोडीदार सदा. वेदगंगेच्या काठावर आम्ही एकमेकांची बक्कलं लावायचो. तो लेकाकडं पुण्याला राहायला गेला. फोनवर "येतो की" म्हणतो, येत न्हाय.

छातीवर बक्कल असलेला पातळ सूट मी उचलला आणि परत ठेवला. जाडच आणला. घरी घालून बघितला, पाठीवर हात पोचत न्हाय. घरात दुसरं कोण न्हाय.

रविवारी मुरगूडला नदीवर कोण येतंय का? गळ टाकता येत नसला तरी चालतंय. बक्कल लावायला या.