गोरेगावच्या पिकअपवर दोन अँटेना

गाड्यांवर वायरलेस बसवायला आता लांब जायचं नाही, असं मी बायकोला कबूल केलं होतं. पण फोनवर देवराव राठोड म्हणाला, "साहेब, आमच्या तांड्यावर मोबाईल लागत न्हाई. मागच्या साली त्याच्यापायीच माझी बायको गेली." झालं. परवाना आलेला, सेटही आलेले, फक्त बसवणारा मिळत नव्हता. हत्यारांची पिशवी उचलली आणि नांदेडहून हिंगोलीची एसटी धरली.

तिकडे जाणाऱ्यांनी ऐका. आखाडा बाळापूरला भजी गरम असतील तरच खा. मी गार खाल्ली आणि पुढं पोटाला शिव्या देत बसलो. हिंगोलीहून जीप, भाडं किरकोळ, पण शिगोशीग भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. सोयाबीन निघालेलं, रानं काळी नि रिकामी, आभाळ गच्च. उदासच वाटत होतं.

गोरेगावला देवराव पिकअप घेऊन उभा होता. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. तो भाडं घेऊन सेनगावला गेलेला, मागं बायकोला पान लागलं, म्हणजे साप चावला. तांड्यात गाडी ही एकच. घरच्यांनी फोन लावून लावून पाहिला.

"जवळच व्हतो ओ मी," तो म्हणाला.

एक सेट घराशी बोलायला, दुसरा आसपासच्या तांड्यांवरच्या गाड्यांशी. देवराव म्हणे, "दोन्ही अँटेना जोडीनं बसवा, बऱ्या दिसतेत."

"अहो भाऊ, जवळ लावल्या तर एकावर बोललात की दुसरा बहिरा!"

मग एक टपावर, दुसरी पार मागं हौद्याच्या कोपऱ्यावर. टपाला भोक पाडताना त्यानं तोंड फिरवलं. रंग खरवडून अर्थिंग दिली, वायरी फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घेतल्या. तिसरा सेट घरात मांडला, त्याच्यापाशी त्याची आई बसली. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, हे तिला पटकन जमलं.

"घरच्या सेटला हाकेचं नाव काय ठेवायचं?" मी विचारलं.

देवराव खाली बघत म्हणाला, "शेवंता. बायकोचं नाव हाय. आमी नवरा-बायको एकमेकाचं नाव घेत न्हाई. 'अवं, ऐकलं का' म्हणायचो. ती व्हती तवर एकदाबी घेतलं न्हाई."

चाचणीसाठी गाडी टेकडीपलीकडं नेली, जिथं फोन मरतो. त्यानं माईक धरला, बटण दाबलं, पण तोंडातून शब्द फुटेना.

"बोला की राव!" मी घाई केली.

"शेवंता... शेवंता, ऐकू येऊन राहिलं का?"

खरखर झाली. मग त्याच्या आईचा आवाज आला, "व्हय बाबा, शेवंता ऐकून राहिली. तू कुठं हाईस?"

देवरावनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी खाली उतरलो आणि मागच्या अँटेनाचा नट आवळत बसलो. तो घट्टच होता.

घरी पोचलो. बायकोनं विचारलं, "झालं का काम?" झालं म्हणालो, आवाज स्वच्छ येतो. ती स्वयंपाकघरात गेली. मी दारात उभा राहिलो आणि नेहमीचं 'अगं' सोडून तिला नावानं हाक मारली.

ती दचकून वळली. "काय हो, बरं नाही का?"