पिवळा बावटा

ऑफिसच्या खिडकीतून बंदराबाहेर नांगरलेलं जहाज दिसतं. त्यावरचा पिवळा बावटा आजही फडफडतोय. डॉक्टर तपासणी करून जाईपर्यंत तो उतरवता येत नाही आणि खलाशांना किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही. डॉक्टरांना जहाजावर न्यायचं काम माझं. काल त्यांना वेळ नव्हता, आज लाँच बिघडली.

सकाळी मी जहाजावरच्या भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, फोन केला. "मामा, आजही जमत नाही."

"म्हणजे आजही बिस्किटंच," तो म्हणाला.

तपासणीसाठी त्याने स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलंय. शेगडीवर तेलाचा डाग दिसायला नको, म्हणून ती पेटवायचीच नाही. आपल्या घरीही पाहुणे यायचे असले की मुलांना सोफ्यावर बसू देत नाहीत. ज्यांचं घर, त्यांनीच अंग चोरून वावरायचं. ही कसली स्वच्छता? चीड येते, पण ती काढायची कुणावर?

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "उद्या नक्की जाऊ. जेवणही तिकडेच करू. त्या भंडाऱ्याच्या हाताला चव आहे म्हणतात."

मी "हो साहेब" म्हणालो. मामाला हे कसं सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.