दोनदा पुकारणारे खैरनार

"स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

खैरनार त्यांच्या समोर बसले होते. मी शेजारी होते, कारण त्यांची बायको गेलेली आणि मुलगी सुरतेला. खैरनार बसलेल्या घशानं म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."

डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्यांनी आवाज चढवला. "गळ्यात कॅन्सरची गाठ आहे. स्वरयंत्र पूर्ण काढलं तर तुम्ही वाचाल. पण नंतर आधीसारखं बोलता येणार नाही. उशीर करू नका."

"आता समजलं," खैरनार म्हणाले आणि उठले.

ऐकू त्यांना पहिल्या वेळीच आलं होतं. पण कुठलीही महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगायची आणि दोनदा ऐकायची, हा त्यांचा जन्मभराचा नियम होता. तो नियम त्यांनी त्या दिवशी स्वतःलाही लावला. मी दवाखान्यात रडत नाही. त्या दिवशीही रडले नाही. पण हे माझ्या लक्षात राहिलं.

रघुनाथ खैरनार नाशिकच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. मी त्याच स्टँडवर टोपली घेऊन पेरू आणि काकड्या विकायची. आमची ओळख भांडणातून झाली. एके सकाळी माझी टोपली फलाटाच्या कडेला होती आणि भोंग्यातून आवाज आला, "फलाटावर पेरू विकणाऱ्या बाईंनी आपली टोपली मागे घ्यावी. पेरू विकणाऱ्या बाईंनी आपली टोपली मागे घ्यावी." सगळा स्टँड माझ्याकडे बघून हसला. मी टोपली मागे घेतली, तडक खिडकीवर गेले आणि म्हणाले, "एकदा सांगितलं असतं तर कळलं नसतं का?"

खैरनार शांतपणे म्हणाले, "पहिल्यांदा पुकारलं तेव्हा तुम्ही नुसती मान वर केलीत. टोपली दुसऱ्यांदा उचललीत. माणूस पहिल्यांदा मान वर करतो आणि दुसऱ्यांदा ऐकतो. म्हणून दोनदा."

मी भांडण तिथंच सोडून टोपलीकडे परतले. असं माझं फारसं होत नाही.

ते कळवणकडचे. खिडकीबाहेर बोलताना लय, नाय असंच बोलायचे. भोंगा हातात आला की भाषा एकदम इस्त्री केलेली. सुरगाण्याची गाडी नुसती सुरगाण्याची म्हणून कधी पुकारली नाही. "दिंडोरी, वणी, बोरगावमार्गे सुरगाण्याला जाणारी गाडी" असं पूर्ण. डोंगराकडून आलेली कितीतरी माणसं पाटी वाचू शकत नव्हती. ती खिडकीजवळ गठुडं घेऊन बसून राहायची आणि आपल्या गावचं नाव ऐकलं की उठायची. खैरनार म्हणायचे, "ज्याला वाचता येत नाय, त्याची पाटी म्हणजे माझा आवाज. पाटी पुसट असून कशी चालंल?"

एक दोष सांगते. बिड्या ओढायचे. मी अनेकदा सांगितलं. ते म्हणाले, "पार्वताबाई, दुसऱ्यांदा सांगा." मी दुसऱ्यांदा सांगितलं. तरी ओढल्या. म्हणजे त्यांचा नियम बिडीला लागू नव्हता.

ते निवृत्त झाले, माझे गुडघे गेले, आणि योगायोगानं पंचवटीतल्या एकाच चाळीत आमच्या खोल्या शेजारी आल्या. निवृत्त झाल्यावर ते काही दिवस अगदी मरगळले. दारात बसून रिक्षा मोजायचे. मग एक दिवस मेघना मॅडम आल्या. या कॉलेजात शिकवतात. त्यांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी नेटवर मराठीतून धडे ठेवायचं काम काढलं होतं. शास्त्र, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगर्भशास्त्र, कॉलेजात जे जे शिकवतात ते सगळं. कुणीही मोबाइलवर ऐकावं, फुकट. फुकट म्हटलं की मला आधी शंका येते, पण यात खरंच कुठं पाणी मुरत नव्हतं. धडे लिहून तयार होते. वाचायला आवाज हवा होता.

"मी कळवणहून शिकायला यायचे," मॅडम म्हणाल्या. "माझी परतीची गाडी रोज तुम्हीच पुकारायचात. तुमच्या आवाजामुळे माझी एकही गाडी कधी चुकली नाही."

खैरनारांनी विचारलं, "याला तिकीट नाय?"

"नाही."

"प्रवेश परीक्षा, दाखला?"

"काही नाही."

"मग गर्दी होईल," खैरनार म्हणाले. "स्पष्ट बोलावं लागंल."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. दोरीवर गोधड्या टाकून त्यांनी खोलीत एक तंबू केला. आत एका पालथ्या डब्यावर आवाज भरायला मोबाइल ठेवला. दुपारी चाळ निजली की आत बसायचे. बाहेर उंबऱ्याशी मी. मला त्यांनी एक स्टीलची वाटी आणि चमचा दिला होता. धडा ऐकायचा आणि कळलं नाही तर चमचा वाटीवर मारायचा. वाटी वाजली की ते थांबायचे आणि तेवढा भाग नव्यानं वाचायचे. माझ्याकडून 'कळलं' आल्याशिवाय धडा मॅडमकडे जायचा नाही.

मॅडमना हे आधी पटलं नाही. मी चौथी पास आणि हे कॉलेजातले विषय. खैरनार त्यांना म्हणाले, "मॅडम, ही बाई लाजत नाय. कळलं नसताना मान डोलावणारी माणसं मी स्टँडवर लय बघितली. चुकीच्या गाडीत तीच बसतात."

सगळंच मला कळायचं असं नाही. गणिताच्या वेळी वाटी इतकी वाजायची की शेजारची सून विचारायची, आज भजन आहे का. शेवटी गणितापुरती मला सुट्टी मिळाली. पण बाकीच्या विषयांत सुट्टी नव्हती, मला नाही आणि त्यांनाही नाही. प्रकाशाचा धडा होता. पाण्यात शिरताना किरण वाकतो, असं लिहिलेलं. मी वाटी वाजवली. त्यांनी पुन्हा वाचलं. मी पुन्हा वाजवली. ते गोधडीतून डोकं काढून म्हणाले, "खरं सांगू का? मलाबी कळलेलं नाय." आणि मॅडमना फोन लावला. "मॅडम, ही गाडी कुठं जाते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःला न कळलेला धडा ते वाचत नसत. "जी गाडी कुठं जाते ते मला ठाऊक नाय, ती मी पुकारू कशी?" मॅडमनी सांगितल्यावर त्यांनी पाण्याच्या बादलीत काठी उभी केली आणि आम्ही दोघांनी ती बराच वेळ बघितली. सरळ काठी, दिसते वाकडी. मग तो धडा झाला.

दोनदा सांगायची सवय तिथंही सुटली नाही, प्रत्येक व्याख्या दोनदा. मॅडम म्हणाल्या, धडा लांबतो, दुसरी वेळ कापून टाकू. तेवढ्यात ऐकणाऱ्या मुलांचे निरोप आले, कापू नका, पहिल्यांदा ऐकतो आणि दुसऱ्यांदा लिहून घेतो. विजेचा धडा संपताना तर ते सवयीनं म्हणून गेले, "प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी." तेही तसंच राहिलं आहे. कुणीही ऐकावं.

निरोप पाठवणाऱ्यांत यशोदा होती. सुरगाण्याकडची. आईबापांबरोबर दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला यायची आणि कानात खैरनारांना घालून काम करायची. मुक्त विद्यापीठातून बीएस्सीची परीक्षा देत होती. डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी तिचा आवाज मोबाइलवर आला. "काका, खडकांचे धडे अर्धेच हायेत. बाकीचे कवा येणार? परीक्षा आली."

त्या मुलीची काही चूक नाही. पण त्यामुळे खैरनारांना निमित्त मिळालं. ते म्हणाले, "खडक संपवतो आणि मग ऑपरेशनला जातो. अर्ध्या गाड्या पुकारून कंट्रोलर घरी जात नसतो."

मी म्हणाले, "डॉक्टरांनी काय सांगितलं? तेही दोनदा?"

"गाठ काय पळून चालली का?"

"पळत नाय, वाढते. तुम्ही मेलात तर?"

"मेलो तरी धडे वाजतील, पार्वताबाई. आवाज गेल्यावर मातर नवा धडा व्हायचा नाय."

मॅडमनी येऊन समजावलं, मुलगी सुरतेहून आली आणि भांडली. ते कुणाला ओरडले नाहीत, ओरडण्याइतका घसा नव्हताच. दुपार झाली की गोधडीत शिरायचे. मी पुढच्या दुपारी नेहमीसारखी उंबऱ्यावर बसले.

धडा पाण्याचा होता. काळा कातळ पाणी धरत नाही, त्याच्या भेगा पाणी धरतात, म्हणून एकाच शेतात एक विहीर भरते आणि दुसरी कोरडी राहते. मी वाटी वाजवली. त्यांनी पुन्हा वाचलं. खोकले, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. मी पुन्हा वाजवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी गोधडी बाजूला झाली.

"पार्वताबाई, तुम्ही खोटं वाजवताय."

"हो."

"तुमच्या बापाची सिन्नरची विहीर कातळात. भेगेतून पाणी लागलं, हे तुम्हीच मला सांगितलेलं."

"सांगितलेलं. हा धडा तुम्ही वाचायच्या आधीपासून मला कळतो. पण वाटी माझ्या हातात आहे. उद्या वाजेल आणि परवाही वाजेल. माझ्याकडून 'कळलं' आल्याशिवाय धडा जात नाही, हा नियम तुमचा."

वाटी काढून घ्यायला किंवा मला उठवून लावायला त्यांना कुणाची हरकत नव्हती. चाळीत ऐकणारी दुसरी माणसं होती. पण स्वतःचा नियम मोडणं त्यांना जमलं नाही. गोधडी दोरीवरून काढत म्हणाले, "लय वाईट बाई आहात."

"पुन्हा एकदा सांगा," मी म्हणाले.

ते हसले. हसताना घशातून आवाज आला नाही. दोन दिवसांनी ते दवाखान्यात दाखल झाले.

ऑपरेशन झालं. आता त्यांच्या गळ्याला पुढून भोक आहे, त्यातून श्वास घेतात. वर पातळ रुमाल बांधतात. पाटीवर लिहून बोलायचे तेव्हा मॅडमनी एक उपाय काढला. आजकाल यंत्र म्हणे जुन्या आवाजावरून हुबेहूब तोच आवाज काढतं. उरलेले धडे यंत्र वाचेल, कुणाला फरक कळणार नाही. खैरनारांनी पाटीवर लिहिलं, "गाडी कुठं जाते ते यंत्राला ठाऊक आहे का?" मॅडमनी पुन्हा तो विषय काढला नाही.

डॉक्टरांनी बोलण्यासाठी एक छोटं यंत्र दिलं. ते गळ्याला लावलं की ओठांच्या हालचालीवरून घरघरत शब्द निघतात. ऐकायला मुळीच चांगलं नाही. जुन्या स्टँडचा भोंगा पावसात भिजल्यावर असा बोलायचा. ते महिनोन्महिने शिकत होते, आणि मग एक दिवस दोरीवर पुन्हा गोधड्या पडल्या. यशोदाची ती परीक्षा तोवर होऊन गेली होती. खडकांचा पेपर तिनं पुढच्या खेपेला ठेवला होता.

धडा तोच, कातळातल्या पाण्याचा. मी वाटी वाजवली. या वेळी खरंच शब्द कळले नव्हते. त्यांनी पुन्हा वाचलं, प्रत्येक शब्द सुटा करून. पुन्हा वाजवली. तिसऱ्या दिवशी मी चमचा खाली ठेवला.

धडा नेटवर गेला. लोक काय म्हणतील म्हणून मॅडम घाबरल्या होत्या. यशोदाचा निरोप आला. "काका, आवाज नवा हाय. आधी वाटलं, दुसराच कोणी बसवला. मंग तुम्ही व्याख्या दुसऱ्यांदा सांगितली, आन मी वळखलं."

खैरनारांनी तो निरोप ऐकला आणि मोबाइल माझ्याकडे दिला. म्हणजे काय ते मला कळलं. मी पुन्हा लावला.

खडकांचे धडे पूर्ण झाले. हल्ली समुद्राचा विषय चालू आहे, आम्ही दोघांनीही समुद्र एकदाच बघितलेला. ऐकणारे विचारतात की आधीच्या धड्यांतला तो भरदार आवाज कुणाचा आणि नंतरचा घरघरणारा कुणाचा, आणि पहिले गृहस्थ गेले का. दोन्ही आवाज रघुनाथ खैरनारांचे. रघुनाथ खैरनार जिवंत आहेत. पुन्हा सांगते, रघुनाथ खैरनार जिवंत आहेत.