नळाच्या आवाजाआड

भाऊजींचा फोन आला, ते एवढंच म्हणाले, "शालू गेली... हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दम टिकला नाही." शालू म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नानंतर जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातच राहिलेली. खरं सांगते, मला रडू येण्याआधी राग आला.

ताईला दमा होता. घरात सगळ्यांना माहीत, बाहेर कुणाला कळता कामा नये, असा कारभार. घरं भिंतीला भिंत लागून. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराचं दार लावायची, नळ मोठा सोडायची, दम्याचा पंप तोंडानं ओढायची आणि खळखळून चूळ भरायची. डॉक्टरांनी समजावलं होतं, या पंपात दोन औषधं एकत्र आहेत. एक श्वासनळ्यांची सूज उतरवतं, दुसरं त्या मोकळ्या ठेवतं. नंतर चूळ भरा म्हणजे तोंड येणार नाही, आणि बरं वाटलं तरी सोडू नका. पंपाचा आवाज नळात बुडायचा, चूळ मात्र ऐकू यायची. त्या काळात ती नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्या माझ्याआधी चढायची आणि वरून चिडवायची, "चल ना गं, म्हातारी झाली का?"

मग तिच्या मुलीसाठी, पिंकीसाठी, स्थळं येऊ लागली. गल्लीतली एक बाई म्हणाली, "दीदी, उसमें स्टेरॉइड होता है, हड्डी गल जाती है." ताईला निमित्तच हवं होतं, तिनं तो पंप सोडला. उरला तो तात्पुरता आराम देणारा छोटा पंप, पदराआड घेता येणारा. दिवाळीत मी गेले तर ना नळाचा आवाज, ना चूळ. मी विचारलंच.

"काहून मागे लागून राहिली? यानं लगेच मोकळं वाटते ना."

"आणि आतली सूज कोण उतरवणार, ताई?"

ती म्हणाली, "पोरीचं पाहून राहिलो आम्ही. आईला दमा म्हटलं का लोक विचारतेत, पोरीलाही आहे का? आणि आहेच ना तिला."

मी भांडले, तिला डॉक्टरांकडे ओढत नेलं. तिनं नवा पंप घेतला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. ती गेल्यावर तिच्या साड्या काढल्या तेव्हा तो पंप निघाला, वेष्टनसुद्धा न फोडलेला.

तेराव्याला गल्लीतल्या बायका अंगणात बसल्या होत्या. पिंकी न्हाणीघरात गेली, दार लागलं, नळ सुटला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही चुळीची वाट पाहत होतो.

चूळ ऐकू आली नाही. नळ बंद झाला, दार उघडलं. पिंकी आपला पंप घेऊन अंगणातल्या मोरीशी आली आणि सगळ्यांसमोर तिनं तो ओढला.

"अरे बिटिया, तुमको भी?" एकीनं विचारलं.

पिंकी श्वास रोखून उभी होती, तिला बोलता येत नव्हतं. मग तिनं श्वास सोडला, तांब्या उचलला आणि ताईसारखीच खळखळून चूळ भरली.