मऊ पोवळ्याचं नाव

बाटली चुकली. एवढंच झालं. दोन्ही बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, दोन्हीत पाण्यासारखं काहीतरी, आणि चिठ्ठ्या मी उद्या लावणार होतो. एकीत ब्लिचिंग पावडरचं निवळलेलं पाणी होतं, दुसरीत काच धुवायचं ॲसिड. मी मऊ प्रवाळाची फांदी बशीत ठेवली आणि वरून ॲसिड ओतलं. फसफसून बुडबुडे आले तेव्हा मला फार आनंद झाला. ‘जमतंय,’ असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

जमत होतं, पण उलटं. मऊ प्रवाळ म्हणजे समुद्रात खडकाला धरून वाढणारा प्राणी. दिसायला झाडाच्या फांदीसारखा, हाताला मांसल. त्या मांसात डोळ्यांना न दिसणारे चुन्याचे काटे विखुरलेले असतात, आणि त्या काट्यांच्या आकारावरून त्याची जात ओळखायची असते. ब्लिचिंगच्या पाण्यात मांस विरघळतं, काटे उरतात. ॲसिडात काटे विरघळतात आणि उरतो तो चिकट गोळा. त्यावरून गाईची आणि गोगलगाईची जातही वेगळी सांगता यायची नाही.

माझा कॉलेजातला मित्र दक्षिणेच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या खात्यात होता. त्यानं दोनच फांद्या पाठवल्या होत्या. विद्यार्थी असताना मी प्रवाळांवर एक लांबलचक निबंध लिहिला होता, त्यावरून मी त्या विषयातला जाणकार आहे असा त्याचा समज झाला होता, आणि तो दूर करण्याची घाई मला कधी झाली नाही. वास्तविक मी बालाघाटच्या कॉलेजात बेडूक शिकवत होतो. समुद्र पाहिलाही नव्हता. पाणी म्हणजे वैनगंगा, एवढीच माझी धाव. पण फांदी वेगळी दिसत होती. ही जात कुणी अजून वर्णिलेली नसेल, तर ते वर्णन माझं होणार होतं. बेडकांच्या जन्मात अशी संधी पुन्हा येत नाही. मित्राची बोट त्या खडकांवर परत जाऊन हात हलवत आली होती, म्हणजे उरलेली फांदी हीच काय ती.

कॉलेजात माझ्यापासूनच तिला धोका होता, म्हणून स्पिरिटच्या बरणीत घालून सायकलवरून घरी आणली. दारातच शेजारी भेटले. तांदळाच्या गिरणीत मुनीम होते, आणि नाक तिखट.

“का जी पोफेसर साहेब, बैहरहून महुआ आणला का?”

“दारू नाही हो. प्रवाळ आहे.”

“का होय?”

“पोवळं. समुद्रातलं.”

हा शब्द उच्चारायला नको होता. त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ होता आणि ज्योतिषानं पोवळ्याची अंगठी सांगितलेली होती. ते सरळ घरात आले, बरणी उजेडाला धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

“हे तं गोभीवानी दिसते.”

“मऊ जातीचं आहे.”

“मऊ पोवळ्यानं मंगळ उतरते का जी?”

“नाही उतरत.”

“मंग ठेवलं काहून?”

मी बरणी त्यांच्या हातातून घेऊन फळीवर ठेवली. ते गेल्यावर बायको म्हणाली, “बराबर तं इचारलं त्यायनं.”

पुढचे कितीतरी रविवार मी खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडून बसलो. फांदीचा नखाएवढा तुकडा, या वेळी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतलं पाणी, आणि काचेवर उरलेली पांढरी चिमूटभर भुकटी. नळीतून पाहिलं की त्या भुकटीत भाजीबाजार दिसे. बायकोनं एकदा डोळा लावला आणि म्हणाली, “कारले होय हे तं.” खरंच, बहुतेक काटे कारल्यासारखे होते, दोन्ही टोकांना निमुळते आणि अंगभर खवल्यांचे. काही लवंगांसारखे. पण देठाच्या आतल्या भागात निराळेच सापडले: दोन्ही टोकांना काटेरी गेंद आणि कमरेत बारीक, डमरूसारखे. नागपूरला जाऊन मी जुनी जर्मन पुस्तकं चाळली. जर्मन येत नव्हतं, चित्रं येत होती. डमरू कुठेच नव्हता. पण मी न पाहिलेली पुस्तकं जगात पुष्कळ होती, आणि त्यातल्या एखाद्यात तो असेल या धास्तीनं मला जेवण जाईना.

“एवढा घोर काहून लावून घेता?” बायको तांदूळ निवडत होती. “असंन दुसऱ्याचं तं असंन.”

मी तिला नियम समजावला. प्राण्याचं नाव ज्यानं आधी छापलं त्याचंच राहतं. मागाहून कुणी कितीही चांगलं ठेवलं तरी ते बाद. “पहिलं तेच खरं. मग माझं वर्णन रद्दीत.”

“हौ,” ती म्हणाली आणि खडा बाजूला टाकला.

शेवटी मित्र रजेवर आला, माझी चित्रं आणि काचा घेऊन कलकत्त्याला गेला. तिथे एक म्हातारे जाणकार होते, त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. परतताना मित्र छोट्या लाइनच्या गाडीनं बालाघाटला उतरला. मी स्टेशनवर होतो. डब्यातून उतरण्याआधीच त्यानं दोन्ही मुठी एकमेकींना लावून डमरू हलवून दाखवला. म्हातारबुवांनी सगळी पुस्तकं उलटली होती. नवीन होती जात. फक्त ‘चित्रं काढणाऱ्याला चित्रकला शिकवा’ असा निरोप होता.

घरी जेवताना त्यानं विचारलं, “नाव काय ठेवतोस?”

मी ठरवूनच ठेवलं होतं. बायकोकडे न पाहता तिच्या नावाचा उच्चार केला. आमच्यात नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे मित्राला ठसका लागला. बायको पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

लेख छापून यायला वर्ष गेलं. आला त्या दिवशी मी अंक तिच्यासमोर उघडून धरला. तिरप्या अक्षरांत तिचं नाव होतं, मागे लॅटिनची शेपटी. तिनं बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर लावलं.

“हे तं तुमी ठेवलेलं नाव होय. लग्नात तांदळात अंगठीनं लिवलं, थे.”

“मग? तेच तर तुझं नाव.”

“आता हे बदलता नाही येत?”

“कुणालाच नाही,” मी ऐटीत सांगितलं. “एकदा छापलं की जगाच्या अंतापर्यंत तेच.”

तिनं अंक मिटून माझ्या हातात दिला.

“माह्या बापानं मले कुठी छापलं नोतं,” ती म्हणाली, “म्हणून तुमाले बदलता आलं.”